खर्जाची जागा

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानात मालकाने मला खुर्चीत बसवलं, काचेचं दार लावून घेतलं आणि विचारलं, "साहेब, छातीवर घेणार ना?" मी उत्तर शोधेपर्यंत त्याने रिमोट दाबलाही. पडद्यावर एक डायनोसॉर पाय उचलत होता. पाय जमिनीवर आला तेव्हा काउंटरवरचा कटिंगचा ग्लास बोटभर सरकला. "याला म्हणतात बेस," मालक म्हणाला. नातवाने पहिलं पाऊल टाकल्यावर आजोबांचा चेहरा होतो तसा त्याचा झाला होता.

मला डायनोसॉर नको होता. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हा त्याचा रिसीव्हर आणि तीन स्पीकर आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये राहिले. दोन बाजूंना दोन, टीव्हीखाली मधला एक. फोनवर तो म्हणाला, "बाबा, सगळं आहे, फक्त पॉइंट वन नाही. तेवढा घ्या, वीस हजारांत बसेल." जाहिरातीत आपण पाच पॉइंट एक, सात पॉइंट एक असं वाचतो, त्यातला हा शेवटचा एक, म्हणजे वूफर. बाकीच्या वाहिन्यांना 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंत सगळं बोलायची मुभा असते. याला फक्त तळाचं, 120 हर्ट्झच्या खालचं काम. म्हणून त्याला पूर्णांकात न मोजता दशांशचिन्हाच्या पलीकडे बसवलं आहे. एकत्र कुटुंबात एखादे काका असतात, पंगतीला पान असतं पण वाटाघाटीत नाव नसतं, तसं.

लॅमिंग्टन रोडला जाण्यात माझा एक छुपा हेतूही होता. पाटीवर रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं, तरी वायरी नि व्हॉल्व्हच्या माणसांसाठी तो लॅमिंग्टन रोडच, आणि माझ्यासाठी मिनर्व्हाचा रस्ता. 15 ऑगस्ट 1975 ला 'शोले' आला आणि मिनर्व्हात पाच वर्षं मुक्काम ठोकून राहिला. सत्तर एमएमचा पडदा, स्टिरिओफोनिक आवाज. जयने उडवलेलं नाणं पडलं की लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, असं सांगतात. मी आठ वर्षांचा होतो. मला नाणं आठवत नाही, आगगाडी आठवते. ती कानात शिरायच्या आधी खुर्चीच्या लाकडातून पाठीच्या कण्यात शिरली होती आणि मी वडिलांचा हात धरला होता. मिनर्व्हा आता नाही. पण त्या रस्त्यावर खर्ज अजून विकत मिळतो.

खर्ज हा शब्द मी उगाच वापरत नाही. वडिलांकडे एक ट्रान्झिस्टर होता, चामड्याच्या भोकाभोकांच्या कव्हरातला. सकाळी दाढी करताना ते त्यावर शास्त्रीय गाणं लावायचे आणि तानपुरा सुरू झाला की वस्तरा थांबवून म्हणायचे, "खर्ज बघ कसा लागलाय." गवयाची पट्टी काळी एक असेल तर तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला बोलते. त्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर जेमतेम तीन इंची. त्याच्या बापजन्मात त्याने 69 हर्ट्झ काढला नसता. मग वडील ऐकत काय होते?

याचं उत्तर मला फार उशिरा कळलं. तार 69 ला थरथरते तेव्हा तिच्यासोबत 138, 207, 276 असे तिचे नातलगही वाजतात. लहान स्पीकर मूळ स्वर गाळतो, पण नातलग पोचवतो. मग कान त्या नातलगांमधलं अंतर मोजतो, 69, 69, 69, आणि ठरवतो की यांचा मूळ पुरुष कोण असावा. जो स्वर खोलीत नाहीच, तो माणसाला ऐकू येतो. वडिलांचा खर्ज ट्रान्झिस्टरमधून येतच नव्हता, तो त्यांचे कान स्वतःच्या पदरचा घालत होते. ही गोष्ट समजली तेव्हा मला थोडं वाईट वाटलं आणि बरंचसं बरं वाटलं.

तरीही मी वूफर घ्यायला निघालो होतो. कानाने किती दिवस पदरमोड करायची?

दुकानदाराने दुसरा डबा पुढे केला. "दीडशे वॉट. मघाचा शंभरचा होता." माझ्या पिढीला वॉटचं आकर्षण जुनं आहे. नव्वदीच्या दशकात हातात मावेल एवढ्या टेपवरही दोन हजार वॉट पीएमपीओ असं सोनेरी अक्षरांत छापलेलं असायचं. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या शिखराचा आकडा, फुगवून फुगवून छापलेला. माणसाची ताकद त्याच्या शिंकेवरून ठरवावी तसं ते. खरा आकडा आरएमएसचा, सतत किती पेलतो त्याचा. आणि तोही वाटतो तेवढा मोठा नसतो. शंभराचे दीडशे वॉट झाले तरी फरक दोन डेसिबलसुद्धा भरत नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर ताकद दहापट लागते. वाढीव पन्नास वॉटचे साडेतीन हजार मी मनातल्या मनात परत खिशात घातले.

पैसे जातात ते हवेवर. एक सप्तक खाली उतरून तेवढाच दणका ठेवायचा तर चौपट हवा हलवावी लागते. 80 हर्ट्झचा आवाज कुणीही काढतो. तेवढ्याच जोराने 40 ला उतरायला चौपट हवा, आणि 20 ला उतरायला सोळापट. गवयालाही मंद्रात उतरायला दम लागतो, यंत्रालाही लागतो, आणि तो दम रुपयांत मोजतात. दहा इंची पडदा आठ इंचीपेक्षा क्षेत्रफळाने दीडपटीहून मोठा, बारा इंची सव्वादोन पट. वीस हजारांच्या आतले डबे साधारण पस्तीस-चाळीस हर्ट्झपाशी धापा टाकू लागतात. बेस गिटारची सर्वांत जाड तार 41 ला थांबते. डग्गा आणि खर्जाची तार त्याच्या बऱ्याच वर. त्याखाली राहतात ते भूकंप, स्फोट आणि डायनोसॉर. ते आमच्याकडे आले नाहीत तरी चालण्यासारखं होतं.

राहिला प्रश्न पेटीचा. काही पेट्या चारी बाजूंनी बंद असतात, काहींना एक गोल भोक असतं. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की बाटली घुमते, तीच युक्ती त्या भोकात असते. तेवढ्याच पैशात भोकाची पेटी जास्त खोल आणि जास्त जोरात बोलते, पण तिचा ठरलेला स्वर ओलांडला की कडा कोसळावा तशी एकदम गप्प होते. बंद पेटी कमी बोलते, पण घाटाच्या उतारासारखी हळूहळू थांबते. मी समोर भोक असलेली घेतली, म्हणजे ती भिंतीला टेकवून ठेवली तरी तिचा श्वास कोंडणार नाही.

त्याआधी मोह झाला होता तो जुन्या मालाचा. पलीकडच्या गल्लीत एकाकडे एक नामवंत परदेशी वूफर निम्म्याहून कमी किमतीत होता. जाळी काढून बघितलं, पडदा काळाभोर, ऐटदार. पडद्याच्या कडेला जी फोमची झालर असते तिच्यावर मी हलकेच बोट टेकवलं. झालर पोह्याच्या पापडासारखी चुरली आणि तिचा भुगा माझ्या नखात बसला. फोमचं आयुष्य पंधरा-वीस वर्षांचं, त्यात मुंबईची दमट हवा. विकणारा माझ्या बोटाकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हतो. रबराची झालर असलेला नवाच घ्यायचा, हे तिथे ठरलं. दहा इंची, शंभर वॉट आरएमएस, वजन तेरा किलो, किंमत साडेसोळा हजार.

तेरा किलोचं खोकं घेऊन दादरचा पूल चढायची माझी छाती नव्हती. टॅक्सी करून सीएसएमटी गाठलं आणि सुटणाऱ्या गाडीच्या लगेजच्या डब्यात शिरलो. तिथे दोन रिकाम्या टोपल्या घेऊन एक मावशी बसल्या होत्या. डब्यात मासळीचा वास होता. खोक्यावरचं चित्र बघून त्यांनी विचारलं, "लग्नाचा हाय का?" म्हटलं, "नाही, घरात ऐकायला." "येवढा?" एवढं बोलून त्यांनी बिनदिक्कत आपली टोपली खोक्यावर ठेवली आणि कुर्ल्यापर्यंत डोळे मिटून घेतले. गाडीचा सांधा बदलला की टोपली, खोकं आणि आम्ही दोघं एकाच ठेक्यावर हलत होतो. भारतातला सगळ्यात स्वस्त वूफर हा लोकलचा पत्राच, असं मला वाटून गेलं.

घरी आल्यावर खरी परीक्षा होती. वूफर ठेवायचा कुठे?

याचं शास्त्र मजेदार आहे. 40 हर्ट्झच्या आवाजाची लाट साडेआठ मीटर लांब असते. आमचा हॉल सतरा फूट बाय दहा फूट, म्हणजे लाट हॉलपेक्षा मोठी. ती भिंतींवर आपटून स्वतःच्याच अंगावर परत येते, आणि काही ठिकाणी साठते, काही ठिकाणी विरते. पाण्याने भरलेली परात उचलून चालावं, तर कडेचं पाणी वरखाली हिंदकळतं आणि मधलं जागच्या जागी राहतं. खोलीतही तसंच. सतरा फुटांच्या लांबीला 33 हर्ट्झच्या आसपासचा स्वर टोकांना दाटतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. दहा फुटांच्या रुंदीला 56 च्या आसपासचा. हॉल म्हणजे एक वाद्यच असतं, आणि ते बिल्डरने न लावता दिलेलं असतं.

यावर अनुभवी लोकांनी शोधलेला उपाय असा: वूफर आपल्या बसायच्या जागेवर ठेवायचा, एखादं ठाय लयीतलं बेसचं गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेने कान जमिनीलगत ठेवून फिरायचं. जिथे बेस सगळ्यात नेटका ऐकू येईल, ती वूफरची जागा. बोलणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी खोलीला फरक पडत नाही, या तत्त्वावर हे चालतं.

तेव्हा एका रविवारी दुपारी वूफर सोफ्यावर मधोमध, माझ्या जागी, लोडाला टेकून बसला होता आणि मी गुडघ्यांवर रांगत होतो. बायको रिमोट धरून उभी होती. सोफ्याच्या कोपऱ्यात, खिडकीजवळच्या तिच्या नेहमीच्या जागेवर, आई बसली होती. तिला एक्याऐंशी वर्षं झाली आहेत.

"काय पडलं रे?" तिने विचारलं.

"काही नाही. बेस शोधतोय."

"केस? सकाळीच तर केर काढला."

"केस नाही गं, बेस."

ती थोडा वेळ बघत राहिली. मग बायकोला म्हणाली, "आठव्या महिन्यात रांगायला लागला. तेव्हाही असाच भिंतीच्या कडेकडेने जायचा."

रांगण्याचं फळ मिळालं, पण ते मिळालं देव्हाऱ्याखाली. ईशान्येच्या त्या हातभर जागेत डग्ग्याचा प्रत्येक ठोका गोल आणि वेगळा ऐकू येत होता. आईने हे मात्र चटकन ऐकलं. "देवाच्या पायाशी ते भूत नको," ती म्हणाली, आणि विषय संपला. दुसऱ्या क्रमांकाची जागा तिच्या शिवणयंत्राशेजारी निघाली. यंत्राला देवपण नसल्यामुळे तिथे परवानगी मिळाली.

वूफर शिवणयंत्राशेजारी लागला आणि घरात भुंगा शिरला. काहीच चालू नसताना अखंड "हूं". तो आपल्या विजेचा आवाज होता. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, आणि अर्थिंग दोन वाटांनी येऊ लागलं की ती वूफरमधून गुणगुणते. काळी एकचा सा धरला तर हा स्वर तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. म्हणजे सगळा देश रात्रंदिवस बेसूर आहे. मी एकेक वायर काढत गेलो. केबलवाल्याची, गच्चीवरून पाइपाच्या कडेने आलेली काळी वायर सेट-टॉप बॉक्समधून उपटली आणि भुंगा उडाला. त्या वायरीसाठी शंभरएक रुपयांचा आयसोलेटर लागला.

मग खणखण. मोबाइलवरून वीसपासून शंभर हर्ट्झपर्यंत सरकत जाणारा स्वर सोडला आणि बायको नि मी घरातली एकेक वस्तू हाताने दाबत फिरलो. खिडकीची सरकती काच 38 ला करकरली, तिच्या फटीत लोकरीची पट्टी भरली. मांडणीतल्या स्टीलच्या ताटांनी 52 ला कुजबुज सुरू केली, त्यांच्यामधे कागद गेले. एक बारीक किणकिण मात्र सापडेना. 47 वर यायची, 48 ला जायची. शेवटी मी शिवणयंत्राचा खण उघडला. आत चपटा पत्र्याचा डबा, त्यात बॉबिनं. एकावर अजून माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचा दोरा होता. डब्यात मी एक रुमाल घडी करून ठेवला. दोरा तसाच राहू दिला.

आता सगळं जागेवर होतं. रिसीव्हरमध्ये विभागणी 120 हर्ट्झला ठेवली, म्हणजे त्याखालचं सगळं वूफरकडे. माझ्या जागेवर बेस थोडा कमी वाटला, म्हणून वूफरचा कान पिळला आणि नॉब घड्याळातल्या बाराच्याही पुढे नेला. मागचं बटण 'ऑटो'वर ठेवलं. सिग्नल आला की हिरवा दिवा लावून जागं व्हायचं, बराच वेळ काही आलं नाही की लाल दिवा लावून झोपायचं. विजेची बचत. पहिल्या रात्री आम्ही एक इंग्रजी युद्धपट लावला आणि रणगाडा हॉलमधून गेला. मी खूश होतो.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका दारात. हातात पिशवी.

"घरघंटी घेतलीत वाटतं?"

"नाही हो. का?"

"नाही, रात्री दळण चालतं ना तुमचं. घेतली असेल तर म्हटलं, आमचीही दोन किलो ज्वारी."

काका टोमणा मारत नव्हते. पिशवीत खरोखरच ज्वारी होती. मी त्यांना आत बोलावून वूफर दाखवला. त्यांनी तो चारी बाजूंनी बघितला, त्याला पीठ बाहेर पडायचं भोकही असल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि ज्वारी घेऊन ते परत गेले.

मला फार ओशाळं वाटलं. दर गणपतीत डीजेच्या भिंतीवर सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यात लांब मजकूर मी लिहितो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, हे मला पाठ आहे. आता मोबाइलवर मोजलं तर माझा आवाज काकांच्या दाराबाहेर सहज मर्यादेत बसत होता. पण त्या मर्यादेची फुटपट्टी माणसाच्या कानाच्या नाजूकपणाला धरून बनवलेली आहे. तिच्यावर 50 हर्ट्झचा आवाज तब्बल 30 डेसिबलने कमी भरतो. नियम खर्जाला जवळजवळ बहिरा आहे. आणि भिंतींचं म्हणाल तर आवाज जितका खालचा, तितकी त्यांची अडवणूक कमी. बोलणं विटांत अडकतं, बेस स्लॅबमधून शेजारी जेवायला जातो.

मी कडप्प्याचा एक तुकडा आणला, त्याखाली जाड रबराचे चार तुकडे लावले आणि वूफर त्यावर चढवला. मग बायकोला सांगितलं, तोच सिनेमा तेवढ्याच आवाजात लाव, आणि मी खाली काकांकडे गेलो. काकूंनी चहा टाकला. आम्ही तिघं त्यांच्या हॉलमध्ये छताकडे बघत बसलो. पंख्याची दांडी पूर्वी थरथरायची ती आता गप्प होती, एवढं कडप्प्याचं यश. पण घुमणं होतंच. घुम्. मग बराच वेळ काही नाही. मग घुम् घुम्.

तो सिनेमा मी दोनदा बघितला होता. तरी मला सांगता येईना की कोणता प्रसंग चालू आहे. कुणीतरी रागावलंय एवढं कळत होतं. कुणीतरी मोठ्याने बोलतंय, कुणीतरी निघून जातंय. शब्द एकही नाही. काकू म्हणाल्या, "आम्हाला सवय झाली हो. काहीतरी चाललंय वरती, एवढं कळतं." आपल्या घरातून शेजाऱ्याकडे पोचतं त्यात बोलणं नसतं, नुसते ठोके असतात, हे मी चहाचा कप धरून शिकलो.

वर आलो तेव्हा सिनेमा चालूच होता. बायको पडद्याकडे बघत होती. आई बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होती.

दोन वर्षांपूर्वी आईचे कान तपासले होते. तंत्रज्ञाने दाखवलेला आलेख डावीकडून बरा निघून उजवीकडे घसरगुंडीसारखा उतरत होता. वयाबरोबर वरचे स्वर आधी जातात, त्याने समजावलं होतं. स, श, फ, थ यांचा नेमकेपणा वरच्या पट्टीत असतो, तो जातो. स्वर आणि घुमारा खाली असतो, तो टिकतो. बेसचा केस होतो तो असा. शिवाय दणदणीत खालचा आवाज असला की तो वरच्या उरल्यासुरल्या आवाजावर पांघरूण घालतो. कानात घालायचं यंत्र तिने आठवडाभर वापरलं आणि मग ते डबीत, डबी कपाटात. हे सगळं मला माहीत होतं. मी ते तिच्या कानांच्या फायलीत ठेवलं होतं आणि वूफर वेगळ्या फायलीत.

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या जागेवरून ऐकलं. कोपरा. परातीची कड. मी माझ्या मधल्या जागेवर कमी पडतं म्हणून जे वाढवत नेलं होतं, ते सगळं इथे येऊन तुंबलं होतं. त्यात 120 ची विभागणी, म्हणजे पुरुषांच्या आवाजाचा तळही वूफरमधून येत होता. संवाद गोधडीखालून यावेत तसे. माझे कान अजून धड आहेत, तरी माझा दर तिसरा शब्द निसटत होता.

"आई, तुला काय बोलतात ते कळतं का?" मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं.

"कळतं की. कोण कुणावर चिडलंय ते कळतं. बाकी तुमच्या तोंडाकडे बघते."

काकूंचंच उत्तर. आई आमच्याच हॉलमध्ये, आमच्याच सोफ्यावर बसून खालच्या मजल्यावर राहत होती. किती दिवसांपासून, कोण जाणे. वूफर यायच्या आधीपासूनच, पण तो आणून मी तिच्यावर आणखी एक स्लॅब घातला होता.

त्या रात्री विभागणी 120 वरून 80 वर आणली. नॉब बाराच्या पुढून नवावर. आणि आईची उशी, शाल, पोथी असं सगळं उचलून सोफ्याच्या मधल्या जागेवर मांडलं. तिने कुरकूर केली, खिडकी सुटते म्हणून. बायकोने खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला तेव्हा तडजोड झाली. कोपरा माझ्याकडे आला. गंमत अशी, की कोपऱ्यात बेस फुकट मिळतो. नॉब नवावर असूनही मला हवा तेवढा दणका तिथे भिंती आपल्या पदरचा घालून देतात. साडेसोळा हजारांतला बराचसा भाग मी चुकीच्या जागी बसून पिळून काढत होतो.

रात्री दहानंतर आवाज आणखी उतरवतो, तेव्हा कानांतून आधी बेसच निघून जातो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 सालीच हे मोजून ठेवलंय. आवाज लहान केला की खालचे स्वर वरच्यांपेक्षा लवकर कमी ऐकू येतात. जुन्या डेकवर 'लाउडनेस'चं बटण असायचं ते यासाठीच. माझ्या रिसीव्हरमध्येही तशी सोय आहे. ती मी बंद ठेवली आहे. काका पाचला उठतात.

परवा मुलाने एका जुन्या मराठी नाटकाचं चित्रीकरण पाठवलं. विनोदी, भरपूर दारं असलेलं. एकजण आत आला की दुसरा बाहेर जातो तशातलं. आम्ही तिघं बसलो. आईची एक सवय होती, हे मला त्या दिवशी ती मोडल्यावर कळलं. विनोद झाला की आम्ही हसायचो, आई आमच्याकडे बघायची आणि मग हसायची. मधे एक श्वासाचं अंतर असायचं. नाटकातला सासरा दार उघडून काहीतरी पुटपुटला, आणि आई हसली. आमच्यासोबत. पुढच्या वाक्याला तर आमच्या आधी.

मला वूफरचा अभिमान वाटला. किती बेमालूम मिसळलाय, आहे हेच कळत नाही, असं मनात म्हणत मी शिवणयंत्राकडे पाहिलं.

दिवा लाल होता.

दारं आणि संवाद यांच्या त्या नाटकात खर्जाला काही कामच नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं वाट बघून तो झोपला होता. तळाची थोडीफार घरघर त्याच्या वाट्याला पाठवलेली, तो झोपल्यामुळे कुणाकडेच पोचत नव्हती. मधला स्पीकर फक्त बोलणं सांभाळत होता, आणि तळाचं जे काही मला ऐकू आल्यासारखं वाटत होतं, ते माझे कान वडिलांसारखे पदरचं घालत होते.

उठून त्याचं बटण 'ऑटो'वरून 'ऑन'वर करता आलं असतं. चार पावलं होती. पण तेवढ्यात सासऱ्याने पुन्हा दार उघडलं, आणि आई हसायच्या तयारीत पडद्याकडे बघत होती. माझ्याकडे नाही. मी बसून राहिलो.